क्लीनर साईडला कोणी नाही

माझ्या मयताची पिठलं-भाकरी मी स्वतःच बसून खाल्ली, आणि वर कांदा मागितला. चूक झाली, मान्य आहे. ज्या घरातला माणूस जातो त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी भाकरी-पिठलं करून आणतात आणि घरच्यांना बळेबळे चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. पण दिवसभर फौंड्रीच्या ऑफिसात ड्रॉइंगवर मान मोडून, वर सहा किलोमीटर सायकल मारून आलेल्या माणसाला फडक्यातली गरम भाकरी दिसली, तर तो आधी जेवतो आणि चौकशी मागाहून करतो. मी तर हातही नीट धुतले नव्हते.

बेळगाव ते निपाणी या टापूत चालत्याबोलत्या माणसाला मयत ठरवण्याचा अधिकार दोघांनाच आहे. एक सरकारी कचेरीतला कारकून, आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. कारकुनाच्या हातून ते नजरचुकीनं होतं. मामा नीट विचार करून, पुरावा बघून आणि टोपी काढून करतात.

मामांनी एकतीस वर्षं लॉरी चालवली. निपाणीची तंबाखू, लोंढ्याकडचं लाकूड, उद्यमबागेतलं बिडाचं कास्टिंग, काय वाहायचं म्हणून ठेवलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर एक केस नाही, एक कोंबडी नाही. रिटायर झाले तेव्हा मालकानं शाल-नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणून आग्रह केला. मामा उभे राहिले, म्हणाले, "मी कुणाला मारलं न्हाय असं समदी म्हणत्यात. मला दिसलं न्हाय, एवढंच मी सांगू शकतो," आणि खाली बसले. टाळ्या वाजवायला उचललेले हात लोकांनी तसेच मांडीवर ठेवले. मी त्या कार्यक्रमाला होतो. मला ते विनोदी वाटलं होतं, आणि मी एकटाच हसलो होतो.

मामांचा बांधा उंच, पण केबिनमध्ये बसून बसून प्रश्नचिन्हासारखा वाकलेला. दर मिनिटा-दोन मिनिटांनी त्यांची मान डावीकडे फिरते, तिथं नसलेल्या आरशात बघते आणि परत समोर येते. जेवताना फिरते, सत्यनारायणाच्या पूजेत फिरते, झोपेतही फिरते असं मामी सांगतात. आणि डाव्या खांद्यामागं जो कोणी उभा असेल तो त्यांच्या लेखी नसतोच. लॉरीत ती बाजू क्लीनरची. पूर्वी तिथं क्लीनर बसायचा, दारातून अर्धा बाहेर लटकून थपाथपा पत्रा वाजवत सांगायचा, येऊ दे, थांब, स्वल्प हिंदं सर, म्हणजे जरा मागं घे. आता मालक क्लीनर ठेवत नाहीत. मामांच्या मते त्यामुळे सगळ्या लॉऱ्यांचा डावा डोळा काढून घेतल्यासारखं झालंय, आणि लोक अजून त्याच बाजूनं विश्वासानं सायकली घालतात. मामी चाळीस वर्षं उजवीकडूनच चहा देतात. एका लग्नात नवऱ्या मुलाचे वडील मामांच्या डाव्या खांद्यामागं उभं राहून चांगली दहा मिनिटं पाहुणचाराची चौकशी करत होते. मामा समोर मांडवाच्या खांबाकडं बघत बसले. गृहस्थ रागानं लाल होऊन तावातावानं समोर आले, तसे मामा ताडकन उठले आणि त्यांना कडकडून भेटले. कवा आलासा, म्हणाले.

तर अशा मामांनी आपली जुनी लॉरी भंगारात निघाली तेव्हा ती ओढत उचगावला आपल्या शेताच्या बांधाजवळ आणून ठेवली. इंजिन नाही, दिवे नाहीत. पण केबिन रोज झाडलेली, स्टेअरिंगला फडकं मारलेलं, आरसे लख्ख. आणि लॉरीभोवती चुन्यानं आखलेली पांढरी रेघ. समोर हातभर रुंद, उजवीकडं चिंचोळी, मागं लांबलचक, आणि डावीकडं पसरत पसरत थेट बांधापर्यंत गेलेली. त्या रेघेच्या आतलं ड्रायव्हरला दिसत नाही. त्या जागेत मामा गवत उगवू देत नाहीत. मामींची कोंबडीसुद्धा तिथं पाय ठेवत नाही. कोंबड्यांना कळतं, असं मामा म्हणतात. खडे मारत्यात, असं मामी म्हणतात. संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की हिरव्या रानात ती उघडी जमीन आणि तिच्या मधोमध ती आंधळी लॉरी बघून जाणारे-येणारे उगाच पावलं उचलतात.

दर रविवारी मामा कुठल्या ना कुठल्या सायकलवाल्याला धरून आणतात आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात. एकदा एका हेडमास्तरांना बसवलं. रेघेच्या आत उभं राहायला उचगावच्या भजनी मंडळाच्या अकरा बायका बोलावल्या होत्या. मामांनी खूण केली, बायकांनी टाळ धरून भजन सुरू केलं. हेडमास्तर वर बसून या आरशातून त्या आरशात बघतायत. भजन कानाशी चाललेलं, टाळ खणखणतायत, आणि रानात चिटपाखरू नाही. दोन कडवी झाल्यावर ते घामाघूम होऊन खाली उतरले आणि त्यांनी बायका मोजल्या. दहा भरल्या. पुन्हा मोजल्या, तेव्हा अकरा झाल्या. त्या एका मोजणीच्या फरकानं त्यांना आठवडाभर झोप लागली नाही म्हणतात.

मामांची शिकवण तशी चार वाक्यांत संपते. लॉरीच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे तुम्हाला दिसत नसतील तर तुम्ही त्याला दिसत नाही. दिसत नसाल तर मागं थांबा, चांगलं लांब. डावीकडं वळणाऱ्या लॉरीच्या डावीकडं तर चुकूनही शिरू नका, कारण मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं येत नाही, ते आत कापत येतं. आणि पुढं जागा दिसते म्हणून घुसू नका. ती जागा रिकामी का आहे, ते आधी बघा. हे चौथं वाक्य ते आवाज उतरवून म्हणतात, आणि ऐकणारा आपोआप मागं वळून बघतो.

पण मामांची खरी ख्याती आहे ती समाचाराला जाण्याबद्दल. आठवड्यातले तीन-चार दिवस ते सकाळच्या एस.टी.नं बेळगावला येतात आणि उद्यमबागेकडं वळायच्या चौकातल्या चहाच्या गाड्यावर बसतात. जो सायकलवाला लॉरीच्या डाव्या अंगाला शिरेल त्याला मामा नीट बघून ठेवतात, पानवाल्याकडं, किराणावाल्याकडं त्याचं घर विचारतात, आणि संध्याकाळी दिवेलागणीला त्या घरी जाऊन उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसतात. चप्पल बाहेर, टोपी मांडीवर. मग हळूच म्हणतात, लई चांगला माणूस हुता. टिळकवाडीतल्या एका कॅशियरच्या घरी असंच झालं. बायकोनं विचारलं, कोण हो? मामा म्हणाले, तुमचं मालक. मालक त्याच वेळी टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर आले. मामांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. म्हणजे बघितलं, पण त्यांच्या आरपार, मागच्या कॅलेंडरकडं. कॅशियर सांगतात, त्या क्षणी मी पहिल्यांदा स्वतःचा हात चाचपून बघितला. आतल्या खोलीत त्यांच्या म्हाताऱ्या आईला अर्धवट ऐकू आलं आणि तिनं हंबरडा फोडला. शेजाऱ्यानं लोंढ्याच्या नातेवाइकांना फोन केला. ते मिळेल त्या रेल्वेनं हार घेऊन आले, आणि मयताचा पत्ता नाही म्हटल्यावर दोन दिवस राहून, कुंदा खाऊन गेले. कॅशियर आता चौकात लॉरी दिसली की सायकलवरून उतरून फूटपाथवर उभे राहतात.

ही सगळी हकिगत मी ऑफिसात रंगवून सांगत असे. मामांची ती मान, ती टोपी, सगळी नक्कल करून. लोक पोट धरून हसत. असा माणूस स्वतः क्लीनर साईडला उभा राहील, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण मला एक कला अवगत होती आणि तिचा मला गर्व होता. चौकात पोलिसानं हात केला की मी सायकलवरून पाय खाली टेकत नसे. शेजारी जी लॉरी असेल तिच्या फळीला डावाउजवा जो पडेल तो हात टेकायचा आणि दोन्ही पाय पॅडलवर ठेवून राजासारखं बसायचं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी तेवढंच एक कौशल्य मिळवलेलं आहे. त्या दिवशी संध्याकाळीही मी कास्टिंगच्या लॉरीला उजवा हात टेकून असाच बसलो होतो. लॉरी हलली, मी हात काढला, ती डावीकडं वळली, मी जरा अंग चोरलं आणि निघालो. पलीकडं चहाच्या गाड्यावर मामा बसले होते. मी त्यांना हात केला. त्यांनी टोपी काढली. मला वाटलं, जावयाचा मान ठेवला. वाटेत मी भाजी घेतली, सायकलची हवा बघितली, दोन ओळखीचे भेटले त्यांच्याशी बोललो. मामांनी मात्र रिक्षा केली होती.

घरी आलो तर अंधारून आलेलं आणि दिवा लावलेला नाही. बायको भिंतीशी बसलेली. उंबऱ्याजवळ मामा. मधे फडक्यात बांधलेला डबा. चुलीवर, म्हणजे गॅसवर, काहीच नाही. मी म्हटलं, मामा, एवढ्या लवकर कसे आलात, आणि ही भाकरी शेजारणीनं दिली वाटतं? कुणी बोलेना. मी फडकं सोडलं आणि जेवायला बसलो. पिठलं झणझणीत होतं. मी बायकोला म्हटलं, एक कांदा फोड की. ती हलली नाही. अंधारात मामांचा आवाज आला.

"खाऊन-पिऊन सुखी हुता बघ, पोरी."

"व्हय," बायको म्हणाली. "कांदा लई लागायचा."

माझा घास हातातच राहिला. चेष्टा चाललीये हे कळत होतं, पण हसू फुटेना. ती दोघं माझ्याबद्दल बोलत होती. मी कसा उशिरा उठायचो, माझा चष्मा कसा कुठंही राहायचा, शुगर वाढल्यावर डॉक्टरनं सायकल सोडू नका म्हटलं तेव्हा मला कसा आनंद झाला होता. वाईट एक शब्द बोलली नाहीत. तेच जास्त भीतीचं होतं. माझ्या घरात माझ्याबद्दल इतकं सलग चांगलं मी कधीच ऐकलं नव्हतं. मी उठून दिवा लावला. बायकोचे डोळे खरोखर सुजलेले होते.

जाता जाता मामांनी तिला नियम सांगितला. मला नव्हे, मयताशी बोलत नसतात. बारा दिवसांच्या आत कुठल्याही लॉरीच्या ड्रायव्हरनं आरशातून डोळ्याला डोळा भिडवून माझ्याकडं बघितलं, आणि ते मामांच्या समोर झालं, तर मयत रद्द. नाही तर तेराव्या दिवशी रिवाजाप्रमाणे मयताच्या वापरातली वस्तू दान. वस्तू म्हणजे सायकल. बायकोनं मान डोलावली. ही धमकी पोकळ नव्हती. आमच्या घरात एकदा मान डोलावली गेली की ती फिरत नाही. शिवाय सायकल गेली तर मी ऑफिसला चालत जाणार नाही, बसनं जाणार, हे तिला ठाऊक होतं, आणि मग शुगरचं काय होणार तेही ठाऊक होतं. तरी तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात नव्हतो. चहा एकच कप होई. शेजारीण आली तर बायको तिच्याशी माझ्या अंगावरून बोले. मी खुर्चीत बसलेलो असताना ती ती खुर्ची झाडून गेली. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाचा दिवस म्हणून मामा पुन्हा आले आणि कंपाउंडच्या भिंतीवर केळीच्या पानात माझ्या आवडीचे पदार्थ मांडले. कांदाभजी, पुरणपोळी, एक कप चहा. मागं काही इच्छा राहिली असेल तर कावळा घुटमळतो. आमचा कावळा आला आणि पान ठेवून हात मागं घ्यायच्या आत भजी घेऊन गेला. माझी एकही इच्छा उरलेली नव्हती याचं मला फार वाईट वाटलं. निदान प्रमोशनसाठी तरी त्यानं पाच मिनिटं थांबायला हवं होतं.

त्याच दुपारी बायको कपडे धुवायला बसली होती. माझी त्या दिवशीची पँट हातात धरून ती बराच वेळ थांबली. गुडघ्याच्या खाली काळा ग्रीसचा पट्टा उमटलेला होता. मी दारातून म्हटलं, चेनचं ग्रीस आहे ते, रॉकेल लाव. तीन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"चेन उजवीकडं असती. डाग उजव्या पायालाच हाय, पर बाहेरच्या अंगाला."

मी सायकलपाशी गेलो. उजवा पाय पॅडलवर ठेवून बघितला. चेन पायाच्या आतल्या बाजूला येते. बाहेरच्या बाजूला त्या संध्याकाळी एकच वस्तू होती. ती वळताना मी अंग चोरलं होतं, इतकं मला आठवत होतं. किती चोरलं होतं, ते त्या पट्ट्याच्या रुंदीवरून कळत होतं. मी परत घरात येऊन खुर्चीत बसलो, आणि बायकोनं खुर्ची झाडली नाही.

चौथ्या दिवसापासून मी खरोखर डोळे शोधायला लागलो. लॉरीच्या मागं थांबायचं आणि आरशात बघायचं. आरशात आभाळ असे. विजेच्या तारा असत. लिंबू-मिरचीची माळ झुलत असे. एका आरशात नुसता एक हात होता, स्टेअरिंगवर बोटं वाजवणारा. बाकी माणूस नाही. एका आरशात मी स्वतःच दिसलो, खूप लहान, आणि मी बघतोय तोवर त्या आरशाला धुकं धरलं. मी घंटी वाजवून बघितली, एकदा खोकलोसुद्धा. लॉऱ्या माझ्या पुढून अशा निघून जात जणू रस्ता रिकामा आहे. बावीस वर्षं मी रोज त्यांच्यामधून गेलो होतो आणि समजत होतो की ते मला वाट देतायत. पाचव्या-सहाव्या दिवशी ऑफिसात शिपायानं सगळ्यांना चहा दिला आणि मला द्यायचा विसरला. एरवी मी ओरडलो असतो. त्या दिवशी मी मुकाट उठून आरशात तोंड बघून आलो.

रविवारी मी बायकोला घेऊन, म्हणजे ती पुढं आणि मी मागं, एस.टी.नं उचगावला गेलो. मामांचे पाय धरायचे असं ठरवलं होतं. मामा अंगणात बाजल्यावर होते. त्यांनी तिची चौकशी केली, मामींनी तिला पाणी दिलं. मग मामा उठून लॉरीकडं चालू लागले आणि वाऱ्याला सांगितल्यासारखं म्हणाले, "कुणी वर बसत असंल तर बसू दे."

मी वर चढून ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. केबिनमध्ये उदबत्तीचा वास होता. मामा आणि बायको लॉरीच्या पुढून डावीकडं गेले. काचेतून मला बायकोचा अंबाडा दिसला, मग त्यातलं अबोलीचं फूल, मग तेही गेलं. आरशात बघितलं. पांढरी रेघ, उघडी जमीन, बांधावर वाळत टाकलेलं मामींचं लुगडं. दुपार होती, ऊन होतं, आणि तिथं कोणी नव्हतं.

"अहो, दिसतीय का मी?" बायकोचा आवाज आला. इतक्या जवळून की मी दचकलो.

मी नाही म्हटलं. थोडी पुढं ये, म्हटलं. ती म्हणाली, आलीय की, हात लावलाय बघा. आणि पत्र्यावर थाप पडली. थप, थप. माझ्या बुडाखाली, सीटमधून ती थाप मला जाणवली. ती माझ्यापासून दोन-अडीच हातांवर होती. मी तोंड काचेला लावलं, मान वाकडी केली, अर्धा उठलो. रान शांत. थप, थप.

मग मामांचा आवाज आला. ते तिलाच सांगत होते की आता वरच्या माणसाला डावीकडं वळायचं हाय. माझे हात स्टेअरिंगवर होतेच. मी ते पाव फेरा फिरवलं. हवा गेलेलं पुढचं चाक खडीवर करकरलं.

थाप थांबली.

मी हाक मारली. उत्तर नाही. ही लॉरी जागची हलू शकत नाही, तिला इंजिन नाही, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मला स्टेअरिंग पुढं फिरवताही येईना आणि सोडताही येईना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पण तेवढ्या वेळात मी त्या डाव्या आरशात जितकं बघितलं तितकं लग्नात बायकोच्या तोंडाकडंही बघितलं नव्हतं. मग खालून, कुणी नसलेल्या त्या जागेतून, मामा बोलायला लागले. हळू, मधे मधे थांबत. ते मला सांगत नव्हते. म्हणूनच बहुतेक त्यांना सांगता आलं.

"निपाणीच्या अलीकडं एका गावाच्या फाट्यावर, दिस मावळताना, मी अशीच डावीकडं गाडी घातलती. घंटी वाजली बघ, पोरी. सायकलची. एकदाच. मागनं काय न्हाय. गाडी थांबवून उतरलो. चाकाखाली बघितलं, गटारीत बघितलं. रस्ता मोकळा. गावात गेलो, घरोघर इचारलं, कोण यायचं राह्यलंय काय म्हणून. समदी आलती. दुसऱ्या दिवशी परत गेलो. वरीसभर जात हुतो. शेवटी गावकरीच म्हणायला लागलं, ड्रायव्हर, तुझ्या डोक्यात काय तरी झालंय, जा घरी." मग म्हणाले, "ज्या घरी जाऊन बसायला पायजे हुतं, ते घरच मला गावलं न्हाय. म्हणून गावंल त्या घरात जाऊन बसतो."

रानात वारा सुटला आणि आरशातलं लुगडं हललं. मी खाली उतरलो, लॉरीच्या पुढून वळसा घालून गेलो, आणि ती दोघं होती. मामा पायानं चुन्याची रेघ सारखी करत होते. बायकोनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं, बारा दिवसांचा नियम मोडून, अगदी सरळ. पाय धरायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी बेळगाव धुक्यात बुडालं होतं. चौकात पोलीस फक्त शिट्टीवरून कळत होता. चहाच्या गाड्याचा स्टोव्ह निळा दिसत होता आणि त्याच्या बाजूला टोपी घातलेली एक वाकलेली आकृती. माझ्या पुढं उसाची लॉरी होती. डावीकडं सायकल जाईल एवढी चांगली रुंद जागा होती, आणि एक जण माझ्या शेजारून तिकडं निघालाही होता. मी त्याच्या कॅरियरला धरून त्याला मागं ओढलं. त्यानं मला शिवी दिली. मी पाय खाली टेकून उभा राहिलो, लांब, जिथून उजवा आरसा पुरा दिसेल तिथं, आणि बघत राहिलो. आरशात आधी पांढरं होतं. मग एक मफलर. मग मिशी. मग दोन डोळे, झोप न झालेले, लाल. ते रस्त्यावरून फिरत फिरत आले आणि माझ्यावर थांबले.

मी पापणी लवू दिली नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "एन नोडाकत्ती?" म्हणाला, काय बघतोयस. मी तरी बघतच. मग त्यानं मराठीत विचारलं, माझ्या तोंडावर सिनेमा लागलाय काय रं? असं म्हणून त्यानं हात बाहेर काढून मला तिथंच थांबायची खूण केली आणि लॉरी डावीकडं वळवली. पुढचं चाक मोठा वळसा घेऊन गेलं. मागचं चाक मात्र कोपरा कापत, मघाच्या त्या चांगल्या रुंद जागेवरून, सावकाश, फूटपाथला घासून गेलं. मी ज्याला ओढलं होतं तो माणूस शिवी द्यायचा थांबला. तिथं कोणी नव्हतं. मीही नव्हतो.

सायकल हातात धरून मी रस्ता ओलांडला आणि चहाच्या गाड्यापाशी जाऊन मामांच्या अगदी समोर उभा राहिलो. त्यांनी आधी धुक्यात गेलेल्या लॉरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ बघितलं. त्यांचा चहा हातात गार होत होता. मी विचारलं, मामा, आता तरी दिसतोय ना मी?

मामांनी कप खाली ठेवला, टोपी डोक्यावर घातली, आणि चहावाल्याला माझ्यासाठी बिनसाखरेचा एक सांगितला.

"दिसताय पावणं, दिसताय," ते म्हणाले. "पर बघण्यासारखं तुमच्यात काय बी न्हाय."